न हललेला फोटो

घाटकोपर,
सोमवार, दुपार

प्रिय प्रीतम,

पत्र बघून तुला आधी हसू येईल. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर एकमेकांना शिव्या घालणारे आपण दोघं, आणि हा सर्वेश्या वहीची पानं फाडून पत्र लिहितोय म्हणजे याला झालंय तरी काय, असं म्हणशील. फोन केला होता रे. परवा सकाळी केला तो त्याचसाठी होता. तू उचललास, मी विचारलं, जेवलास का, तू म्हणालास, अरे साडेनऊ वाजलेत, डोकं ठिकाणावर आहे का तुझं, आणि मी काहीतरी बडबडून ठेवून दिला. तेव्हाच कळलं की हे तोंडाने होणार नाही. सोबतच्या पुडक्यात तुझा लाल कॅमेरा आहे. तो लगेच उघडू नकोस. आधी हे पूर्ण वाच, आणि मध्येच उठून मला फोन लावू नकोस, मी उचलणार नाही.

तो आणलास तो दिवस मला अजून आठवतो. दोन हजार चौदाचा जानेवारी, तुझी नोकरी कायम झालेली, आणि विक्रोळीच्या आपल्या चाळीतला माघी गणपती पंधरा दिवसांवर आलेला. भाद्रपदात अर्धी चाळ गावाला पळते म्हणून आपला गणपती माघातला. तू खोका उघडलास आणि अख्खा मजला तुमच्या दारात. साबणाच्या वडीएवढा, लालभडक, चालू केला की भिंग सर्रकन बाहेर यायचं. तुझे बाबा, म्हणजे आपले चंद्रप्रकाशकाका, चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटं खेकड्याच्या डोळ्यांसारखी उभी करून म्हणाले होते, कुर्लेसारखे डोळे भायर काढता रे ह्यो. त्याचा पडदा वर उलटा उघडायचा, म्हणजे आपलाच चेहरा समोर दिसायचा. तुझी आई, शेवंतीकाकी, त्यात बघून पदर सारखा करत राहिल्या आणि फोटो काढायचा राहूनच गेला. मग त्यांनीच गोधडीच्या उरलेल्या दोऱ्याची वेणी घालून त्याला मनगटात अडकवायला नाडी केली. कंपनीची काळी नाडी तू फेकून दिलीस. ती वेणी अजून आहे, मळलीय फक्त.

आणि ते वरचं बटण. शटरच्या शेजारी बारकंसं, त्यावर तीन कंस काढल्यासारखी खूण. वायर नाही, काही नाही, ते दाबलं की फोटो हवेतून जायचा. यादी तूच भरलीस. पहिला तुझा फोन, दुसरा माझा फोन, तिसरं आपल्या मंडळाचं फेसबुक पेज, आणि ते पेज तुझ्या खात्यातून चालायचं, म्हणून त्यावर जे काही जाईल ते प्रीतमच्या नावाने जाणार. त्या वर्षी आरतीचा फोटो काढला आणि कापूर विझायच्या आत दुबईतून तुझ्या मावसभावाचा नमस्कार आला. काय भाव मारला होतास तू त्या दिवशी. तेव्हाच तू सेटिंगमध्ये जाऊन ते ‘ऑटो’ चालू करून ठेवलंस. म्हणालास, आता माणसाने फक्त बोट दाबायचं, बाकी सगळं ह्यो करणार.

त्या गणपतीला काकांनी घातलेलं गाऱ्हाणं शेवटचं ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं. आपल्या चाळीत पुजारी कुणीही असो, देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं ते काकांनीच. खोली नंबर एकपासून सुरू करायचे, घराघरातल्या माणसाचं नाव घेत यायचे, कुणाला नोकरी, कुणाला मूल, कुणाचा गुडघा, आणि आपण सगळे मागून ओरडायचो, व्हय म्हाराजा. माझे बाबा गेले त्या वर्षी माझी बारावी होती. काकांनी खोल्यांचा क्रम मोडून माझं नाव पहिलं घेतलं. बा देवा म्हाराजा, ह्या सर्वेशाक यश दी रे म्हाराजा. तू माझ्या शेजारी उभा राहून सगळ्यात मोठ्याने व्हय म्हाराजा केलं होतंस. हे मी विसरलो असतो तर पुढचं लिहिणं सोपं गेलं असतं.

आता ताजी खबर सांगतो. माझ्या ताईची, नीलाताईची गार्गी आठवते ना, तुझ्या लग्नात माझ्या खांद्यावर बसून वरात बघत होती ती. आता कॉलेजला आहे. या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गाळ्यावर आली होती. मी ऑनलाइनवाल्यांसाठी बांगड्या, कुर्ते, डबे यांचे फोटो काढत होतो आणि ती माझी कपाटं उपसत होती. खालच्या खणात तुझा कॅमेरा सापडला. पोरगी नाचायलाच लागली. या पोरांना फोनचे चकचकीत फोटो आता नको झालेत म्हणे, असल्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची फॅशन आलीय. मामा, हा तर झकास पीस आहे, वापरत का नाहीस, असं तिने विचारलं. मी अकरा वर्षं तुला आणि स्वतःला जे सांगतो तेच तिला सांगितलं. जीभ इतकी सरावलीय की अडखळतसुद्धा नाही.

काय सांगतो ते तुला पाठच आहे. मे महिना, मुलुंडचा हॉल. मी तेव्हा जयवंतदादाच्या हाताखाली लग्नाचे फोटो काढायला जायचो. टेबलाटेबलावरचे साधे फोटो नवरीच्या परदेशातल्या भावाला तिथल्या तिथे पाठवायचे होते, म्हणून तुझा कॅमेरा मागून नेला. पंगतीचे फोटो काढताना मागे कुठेतरी एक वाढपी आला. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे, जिलेबीचं ताट. ते आपले चंद्रप्रकाशकाका होते. गिरणी गेली, मग विक्रोळीची कंपनीही सुटली, त्यानंतर चार वर्षं जे रोज इस्त्रीचा शर्ट घालून, काळी बॅग घेऊन, अंधेरीला सुपरवायझर आहे असं सांगून निघायचे, ते काका. मला ते फोटोत आल्याचं कळलंच नाही, कॅमेरा ऑटोवर होता, हॉलचं वायफाय लागलेलं होतं, आणि फोटो आपोआप मंडळाच्या पेजवर गेला. तू ड्युटीवरून सुटून तो पेजवरून काढून टाकेपर्यंत चार तास गेले होते. चाळीने बघितला, गावाने बघितला. कुणीतरी खाली लिहिलं, आम्हाला पण दोन वाढा सुपरवायझरसाहेब. हीच गोष्ट ना. हीच मी गार्गीला सांगितली.

त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलास तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास की ऑटो मीच चालू ठेवलं होतं, वाट लावली मी बाबांची. मी फक्त मान हलवली. मग मी तुला एक गोष्ट मागितली. म्हटलं, काकांना माझं नाव सांगू नकोस, जयवंतदादाला कळलं की गिऱ्हाइकाच्या लग्नाचा फोटो माझ्या हातून बाहेर गेला, तर तो मला उद्या काढून टाकेल. तू एक क्षणही विचार केला नाहीस. कॅमेरा माझा, पेज माझं, तू कशाला मध्ये मरतोस, असं म्हणून तू घरी गेलास आणि काकांना सांगितलंस की हॉलवर मीच गेलो होतो, फोटो मीच काढला, पाठवला नाही, चुकून गेला. तू ड्युटीवर होतास हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं, तुझ्या शिफ्टा काकीलाही कधी कळल्या नाहीत.

काका काय म्हणाले ते तू मला दुसऱ्या दिवशी हायवेच्या बसस्टॉपवर सांगितलंस. ते चिडले नाहीत. फोटोबद्दल बोललेच नाहीत. ते म्हणाले, गेलो आसात चुकान. पण माका बघलंस, उभो रवान फोटो काढलंस, आणि जवळ इलंस नाय? बस, एवढंच. तू सांगताना रडत होतास आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. माझा हात, प्रीतम. तो प्रश्न तुझ्यासाठी नव्हताच, आणि तू त्याचं उत्तर शोधत अकरा वर्षं काढलीस.

आठवड्याभरात काका गावाला गेले. मे महिना होता, सगळेच जातात, आंबे-फणस करून येतो म्हणाले. त्यामुळे ते निघून गेले असं कुणाला म्हणताही येईना. जूनमध्ये सगळे परतले, ते परतले नाहीत. दिवाळीनंतर काकीही गेल्या. पुढच्या माघात मंडळाचं पंचविसावं वर्ष होतं आणि गाऱ्हाणं घालायला माणूस नव्हता. तू दर वर्षी गावाला जातोस, औषधं पोचवतोस, कौलं बदलून देतोस, आणि काका तुझ्याशी पाऊस किती झाला आणि काजूला मोहोर कसा आहे, याच्या पुढे बोलत नाहीत. तू तो कॅमेरा माझ्याकडे आणून टाकलास, म्हणालास, डोळ्यासमोर नको. मी ठेवून घेतला.

आता आणखी एक सांगतो, हे तुला माहीत नाही. मी काकांना दर रविवारी फोन करतो. गेली दहा वर्षं. सुरुवातीला वाटलं, तेवढंच आपल्या हातून होईल. चहापत्ती पाठवायचो, काकीला गुडघ्याचं तेल पाठवायचो. काका माझ्याशी तासभर बोलतात. कुणाच्या बांधावरून भांडण झालं, विहिरीत मुंगूस पडलं, सगळं सांगतात. आणि फोन ठेवताना कधीतरी म्हणतात, प्रीतमापरीस तू बरो रे बाबा. एकदा नाही, कितीतरी वेळा म्हणालेत. मी ते ऐकून घेतो, आणि पुढच्या रविवारी परत फोन करतो. तुझ्या वाटणीचा बाप मी बसून खाल्ला, यार, आणि मला त्याची गोडीही लागली.

तर गार्गी. तिने कॅमेरा चार्ज केला, दोन दिवस माझ्या स्टुलावर बसून सगळी बटणं दाबली. कार्डात जुने फोटो तसेच होते. तिने मला बोलावलं आणि म्हणाली, मामा, तू काहीतरी चुकीचं सांगतोयस. हे ऑटो फक्त जोडलेल्या फोनला फोटो देतं. पेजवर टाकायचा तर हा दर वेळी विचारतो. खुणेचं बटण दाबायचं, यादीतून नाव निवडायचं, फोटोवर टिक करायची, मग पाठवू का म्हणून विचारतो, तेव्हा हो म्हणायचं. आपोआप पेजवर जायची सोयच नाही यात. आणि हे बघ, ती म्हणाली, या काकांचे तीन फोटो आहेत, आणि पाठवल्याची बाणाची खूण एकावरच आहे. आपोआप गेले असते तर तिन्ही गेले असते ना. पोरीला काही ठाऊक नाही, तिला वाटलं मामाला यंत्रातलं कळत नाही. मी तिच्यावर खेकसलो, ठेव तो जागेवर, आणि तिने बिचारीने तो स्टुलावर ठेवून दिला. पडदा मात्र बराच वेळ चालू होता.

तीन फोटो होते, प्रीतम. दोन हललेले. मी न हललेला निवडला.

कारण सांगतो, पण ते कारण म्हणून धरू नकोस. त्याआधी पंधरा दिवस मंडळाची मीटिंग झाली होती, आठवतं का. पंचविसाव्या वर्षाला मोठा पडदा लावू, चाळीचे जुने फोटो दाखवू, असं मी म्हणत होतो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, धड नोकरी नाही. काका सगळ्यांसमोर म्हणाले, आधी सोताच्या पायार उभो रव, मगे मंडळाक चालूक शिकय. सगळे हसले. तूही हसलास. काकांचं मला लागलं नाही एवढं तुझं हसणं लागलं. आज लिहायलासुद्धा लाज वाटते, इतकी फालतू गोष्ट. हॉलवर मी स्टेजच्या मागे उभा होतो. भिंग पुढे ओढलं तेव्हा ताट घेतलेला माणूस जवळ आला आणि मी काकांना ओळखलं. त्यांनी मला बघितलं नाही. ते एका लहान मुलीसमोर वाकले होते, ताट डाव्या हातावर तोललेलं, आणि तिला दोनऐवजी तीन जिलेब्या वाढून हसत होते. मला पहिली गोष्ट काय वाटली माहीत आहे? बरा सापडला. म्हटलं, आता कळू दे चाळीला कोण कुणाच्या पायावर उभं आहे ते. वायफायचा पासवर्ड हॉलच्या ऑफिसच्या काचेवर चिकटवलेला होता. बटण दाबलं. तिसरं नाव निवडलं. टिक केली. कॅमेऱ्याने विचारलं, पाठवू का, आणि खाली दोन चौकोन आले, हो आणि नाही. मी त्या दोन चौकोनांकडे बघत उभा राहिलो, आचाऱ्याने दोन हाका मारल्या तेवढा वेळ. मग हो दाबलं. तुझं नाव त्या पेजवर येणार हे मला तेव्हा ठाऊक होतं. यंत्रावर ढकलायचं मात्र नंतर सुचलं, आणि तेही मला नाही, तूच ते माझ्या हातात दिलंस.

तुला कधी प्रश्न पडला नाही का रे, की एकच फोटो कसा गेला? तू मेट्रोचे सिग्नल दुरुस्त करणारा माणूस, एक तार इकडची तिकडे झाली तर तुला झोप लागत नाही. तू कार्ड उघडून बघितलंही नाहीस. माझ्या शब्दावर ठेवलंस सगळं.

आता हे पत्र आजच का लिहितोय ते सांगतो. मागच्या सोमवारी काकांचा फोन आला. मोतीबिंदू पिकलाय, घाटकोपरच्या डॉक्टरने पुढच्या शुक्रवारची तारीख दिलीय, चार दिवस तुझ्याकडे उतरू का, मुलुंड लांब पडता. तुझं मुलुंडचं घर लांब पडतं, म्हणे. मी हो म्हटलं. या आठ दिवसांत मी गादी धुतली, त्यांच्यासाठी कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतला. काल रविवार होता. मी नेहमीच्या वेळेला फोन लावला आणि सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच, दोन चौकोनांसकट. मागे कोंबड्या ओरडत होत्या म्हणून फोन चालू आहे एवढं कळत होतं. मग काकांनी विचारलं, म्हणजे प्रीतम थंय नव्हतो? मी म्हटलं, नव्हता, काका, तो ड्युटीवर होता. त्यांनी परत विचारलं, नक्की नव्हतो मां? मी म्हटलं, नव्हता. माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण ते मागायचाही मला हक्क नाही. फोन ठेवायच्या आधी त्यांनी तुझ्यासाठी निरोप दिला, आणि तो तुझ्यापर्यंत पोचवायला हे सगळं लिहावं लागलं, कारण बाकीचं लपवून नुसता निरोप सांगता आला नसता. गाडी गुरुवारी पहाटे साडेपाचला टिळक टर्मिनसला येते. मी जाणार नाही, तू जा. ते म्हणाले, त्याका सांग, एस-चार डबो. बॅग जड आसा.

तुझाच, तू ठेवून घेतलंस तर,
सर्वेश